रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून

गेल्या आठवड्यात काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाच्या एमआरआयचा रिपोर्ट टाकला. खाली लिहिलं, 'मेंदू नॉर्मल आहे. मग इतकी वर्षं गोळ्या कशाला? बंद करा आता.' त्याखाली नमस्कार आणि अंगठ्यांची रांग लागली. मी खवळून उत्तर लिहिलं, तर लगेच आलं, 'लंडनमध्ये बसून सांगायला काय जातंय?'

काका, साधा एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो. गाठ नाही ना, रक्तस्राव नाही ना, हे बघायला तो काढतात. दादाला आहे त्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात रसायनांचा जो बिघाड होतो, तो त्या फिल्मवर उमटत नाही. त्यातलं डोपामाइन हे मेंदूतलं रसायन बघायला पेट (PET) स्कॅन लागतो, आणि निदानासाठी तो इथेही काढत नाहीत, संशोधनापुरताच काढतात. निदान होतं ते समोर बसवून, ऐकून, घरच्यांना विचारून. लंडनमधल्या डेन्मार्क हिलच्या रुग्णालयात तसंच आणि साताऱ्यातही तसंच.

मी स्वतः तो पेट स्कॅन करून घेतलाय, निरोगी माणसांच्या गटातून. आधी एक गोळी, तासाभराने हातात सुई, डोकं पट्टीने बांधलेलं आणि दीड तास जराही हलायचं नाही. नसेत सोडतात त्यातलं किरणोत्सारी फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून सगळ्यांची धावपळ चाललेली. अशा तपासण्यांतूनच कळलं, की आजारी असलेल्या बऱ्याच जणांच्या मेंदूत खोलवर, स्ट्रायटममध्ये, डोपामाइन जास्त बनतं. पण नेहमीच्या औषधांनी ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यात ते तसं वाढलेलं आढळलं नाही. हे 2012 मध्ये लंडनच्याच संशोधकांनी दाखवलं. अशांना गोळ्या वाढवत नेऊन काय मिळणार? त्यांच्यासाठी क्लोझापिन नावाचं वेगळं औषध असतं. दादालाही शेवटी तेच लागू पडलं.

गोळ्यांनी दादा लाकडासारखा झाला होता, हे मात्र काका खरं बोलतात. मी पाहिलंय. चहाचा कप तोंडापर्यंत नेताना त्याचा हात थरथरायचा, आणि आई कप अर्धाच भरायची. तेव्हा त्याला रोज 15 मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल हे जुनं औषध चालू होतं. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या मानसोपचारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी टोरांटोत, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या 22 जणांना तेच औषध रोज 1 किंवा 2.5 मिलिग्रॅम देऊन पेट स्कॅन काढले होते. डोपामाइन जिथे जाऊन बसतं ते डी-2 रिसेप्टर साधारण 65 टक्के अडले की गुण येऊ लागतो आणि 78 टक्क्यांपुढे ताठरपणा, कंप सुरू होतात, असं त्यांना दिसलं. ते छापून आलं 2000 मध्ये. दादाचा कप त्यानंतरही कितीतरी वर्षं अर्धाच भरला जात होता. म्हणून म्हणते, डॉक्टरांशी भांडा, डोस कमी करायला लावा, औषध बदलून मागा. पण एका रिपोर्टवर विसंबून बंद करू नका. क्लोझापिन एकदम सोडलं तर आजार उसळून येऊ शकतो.

इथे क्लोझापिन सुरू केलं की पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. रिपोर्ट लाल, म्हणजे धोक्याचा आला तर फार्मसी गोळ्याच देत नाही. दादाच्या रक्ततपासणीच्या तारखा आई कालनिर्णयावर लिहून ठेवते. हा फरक मी ग्रुपवर ठासून लिहिला. माझ्याच जिन्यावर राहणाऱ्या माणसाबद्दल मात्र लिहिलं नाही. त्याच्या गोळ्या चुकत नाहीत, त्याच्या उपचारांवर लक्ष ठेवणारी केअर कोऑर्डिनेटर ठरल्या वेळी येते, पण ख्रिसमसलासुद्धा त्याचं दार कुणी वाजवत नाही. दादा गणपतीत पंगतीला बसतो, आणि त्याच्या पानात दुसरा मोदक काकाच वाढतात. तेही मी लिहायला हवं होतं.

आणि मी चौदा वर्षं इकडे आहे. रात्री नऊ वाजता गोळी तळहातावर ठेवायला आई असते, मी नसते.

मागच्या मे महिन्यात गेले होते, तेव्हा गच्चीवर गाद्या घालताना दादाला माझ्या स्कॅनबद्दल सांगितलं. त्याने विचारलं, "तुझं काय आलं?"

"नॉर्मल," मी म्हटलं.

तो गादीची सुरकुती काढत राहिला. म्हणाला, "मग तू का गेलीस?"

मला उत्तर देता आलं नाही. आज काकांना फोन करणार आहे, ग्रुपवर लिहिणार नाही.