मांजर आडवं जावं, पण परदेशात

परदेशवारी ठरली की आधी व्हिसाची कागदपत्रं जमवायची आणि मग मांजरांविषयी मनात प्रेम उत्पन्न करायचं. कागदपत्रांचं काम कटकटीचं असलं तरी होऊन जातं. बँकेची स्टेटमेंटं काढायची, सकाळची पंचवटी पकडायची, मुंबईत अंगठे टेकवून रात्री घरी. प्रेमाचं काम अवघड. कारण गेली चाळीस वर्षं मांजराशी तुमचं बोलणं 'शुक् शुक्'च्या पुढे गेलेलं नाही. गंगापूर रोडला मांजर आडवं गेलं तर तुम्ही गाडी बाजूला घेऊन, मागून येणारा रिक्षावाला पुढे जाईपर्यंत मोबाइल बघत थांबता. (त्याचं काय व्हायचं ते होवो.) आता त्याच प्राण्याचे फोटो काढण्यासाठी तुम्हाला लाखभर रुपयांची लेन्स घ्यायची आहे.

सराव मात्र नाशिकमध्ये करू नका. हा नियम मोडला की सगळंच मुसळ केरात. इंदिरानगरच्या तुमच्या सोसायटीत एक भुरी मांजर ॲक्टिव्हाच्या सीटवर झोपते. तिचा फोटो काढायचा तो फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यासाठी, खाली 'हिला खायला कोण घालतं?' असा सवाल करून. त्या फोटोला फोकस, प्रकाश काही लागत नाही. सीटवरचे मातीचे पंजे स्पष्ट आले की झालं.

सुरुवात इस्तंबूलपासून करावी. हे शहर मांजरांचं आहे, माणसं तिथे भाड्याने राहतात. दुकानाच्या काउंटरवर, मशिदीच्या पायरीवर, हॉटेलातल्या तुमच्याच खुर्चीवर मांजर असतं आणि वेटर तुम्हाला दुसरी खुर्ची आणून देतो. इ.स. 537 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या आयासोफियात ग्ली नावाची तिरळ्या डोळ्यांची मांजर राहायची. 2009 मध्ये ओबामा तिथे गेले तेव्हा त्यांनी तिला कुरवाळलं होतं. जुलै 2020 मध्ये त्या वास्तूचं संग्रहालयातून पुन्हा मशिदीत रूपांतर झालं, जगभर वाद झाला, ग्ली होती तिथेच राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती गेली. ही माहिती तोंडपाठ करून जा. घुमटाबद्दल दोन वाक्यं बोलता आली नाहीत तरी चालेल, घुमटाचे फोटो लोकांनी काढून ठेवलेलेच आहेत.

मग बोटीने आशियाच्या काठावर कादिक्यॉयला जा. तिथे एका फुटपाथवर तोंबिली नावाच्या बोक्यासारख्या गलेलठ्ठ मांजराचा ब्राँझचा पुतळा आहे. पायरीवर एक कोपर टेकवून रेललेला; आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत नवऱ्या मुलाचा मामा तक्क्याला रेलतो, अगदी तसा. मांजर 2016 च्या उन्हाळ्यात मेलं आणि 4 ऑक्टोबरला पुतळा बसलासुद्धा. पुढच्याच महिन्यात तो चोरीला गेला, गावाने ओरड केली आणि तो परतही आला. पुतळा म्हटल्यावर समिती, जागेचा वाद आणि उद्घाटकाची तारीख यातच हयात जाते अशी सवय असलेल्या माणसाने इथे थोडा वेळ बसून घ्यावं.

आता तंत्र. मांजराचा फोटो उभ्याने काढला तर तो सीसीटीव्हीतला वाटतो. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, म्हणजे तुम्ही पोटावर. गेल्या सिंहस्थात रामकुंडावर गुडघे दुखतात म्हणून खुर्ची मागितलेले तुम्ही परक्या देशाच्या रस्त्यावर सपशेल लोटांगण घालाल. "अहो, उठा, लोक बघताहेत," हा आवाज मागून येईल, तिकडे लक्ष देऊ नका. शटर एक पाचशेच्या वर ठेवा, कारण मांजर स्थिर बसलेलं असलं तरी कान बसलेले नसतात. फोकस डोळ्यांवर. भर दुपारी बुबुळाची नुसती उभी रेघ उरते, म्हणून उन्हं कलल्यावर जा. तेव्हा डोळे काळेभोर, गोल मिळतात. फ्लॅश मारू नका. मांजराच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे फोटोत हिरवे दिवे लागतात आणि तुमची मनी अमावस्येची दिसते.

जवळ बोलवायला तिथले लोक 'पिसी पिसी' म्हणतात. शेजारून एखादा मराठी टूर ग्रुप जात असेल तर जरा हळू म्हणा, 'पिशी' कुणाला म्हणता म्हणून चौकशी व्हायची. त्याहून चांगला उपाय म्हणजे तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. मांजरांच्या भाषेत याचा अर्थ, माझ्याकडून धोका नाही. मर्जी असेल तर तीही तसंच करून उत्तर देते. ज्या माणसाने घरच्यांकडेही अलीकडे इतक्या मायेने पाहिलेलं नाही, त्याने हे आधी आरशासमोर करून बघावं.

लाच द्यायची तर बेताने. बॅगेत नाशिकचा चिवडा असणारच, पण त्यातला तळलेला कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कांदा, लसूण दोन्ही त्यांना विष. लासलगावच्या शेजारी जन्म काढलेल्या माणसाला हे पटायला जड जाईल. आपल्याला कांद्याने फक्त भाव पडल्यावर रडवलंय. दूधही मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना पचत नाही, लहानपणीची सगळी पुस्तकं काहीही म्हणोत. आणि ओरबाडलं, चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी तडक डॉक्टर गाठा. मधल्या वेळात जखमेचा फोटो काढून होतो.

रोमला लार्गो अर्जेंतिना नावाच्या चौकात, जुन्या अवशेषांच्या जागी ख्रिस्तपूर्व 44 मध्ये सीझरला भोसकलं, त्या अवशेषांमध्ये आज मांजरांचा आश्रम आहे. सीझर फ्रेमबाहेर ठेवा. जपानच्या आओशिमा बेटावर माणसांपेक्षा मांजरं कितीतरी जास्त. पूर्वी कोळ्यांनी होड्यांवरच्या उंदरांसाठी ती आणली, पुढे माणसं शहराकडे गेली आणि मांजरं राहिली. बेटावर हॉटेल नाही, दुकान नाही. दशम्या न्या.

परत आल्यावर खरी परीक्षा. चौदाशे फोटो टीव्हीला जोडायचे, नातेवाइकांना मिसळीला बोलवायचं आणि पहिला पाव मोडण्याआधी स्लाइड शो सुरू करायचा. प्रत्येक फोटोला 'मांजर' म्हणायचं नाही. 'या शहराचा आत्मा' म्हणायचं. एकशे बाराव्या आत्म्याला आत्या विचारतील, "एवढं लांब जाऊन मांजरंच का रे? भद्रकालीत नव्हती?" हसून पुढची स्लाइड लावा.

थांबलात तर आत्या सुरू होतील. वाड्यातल्या त्यांच्या भाटीने पिल्लांना सात घरं कशी फिरवली, जोश्यांच्या माळ्यावरून आमच्या तांदळाच्या पिंपामागे कशी आली, सासूबाई पारोशी पिंपाला हात लावू द्यायच्या नाहीत पण त्या बाळंतिणीसाठी पंधरा दिवस शेजाऱ्यांकडून तांदूळ उसने आणले, आणि एक पिल्लू लंगडं होतं, ते वाडा पाडायला आले त्या दिवशीही तिथेच जिन्यावर बसून होतं. सगळे तिकडेच ऐकत बसतील. मिसळ गार होईल. असा प्रसंग आला तर शांतपणे एवढंच विचारा, "फोटो आहे का?" नसतो.

सगळ्यांत चांगला फोटो तीन फूट बाय दोन फूट कॅनव्हासवर छापून घ्या. कॉलेज रोडला कुणीही करून देईल. तोंबिलीच्या गल्लीतली ती भुरी, उन्हात, डोळे काळेभोर. दोन्ही हातांनी ती फ्रेम छातीशी धरून पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना ॲक्टिव्हाच्या सीटवरची जागी होईल. तुमच्याकडे बघेल. डोळे सावकाश मिटेल, सावकाश उघडेल.

हात अडकलेले असतील तुमचे, पण तोंड मोकळं असतं. शुक् शुक्.