हवं ते मागा, आहे ते घ्या

अभिनंदन! इंग्लंडातल्या एखाद्या कौन्सिलात, म्हणजे तिथल्या पालिकेत, तुम्हाला ‘पर्सनलायझेशन’चं (घरी लागणारी मदत ज्याची त्याने ठरवायची, या धोरणाचं) टेबल मिळालं असेल, तर पहिल्या दिवशी एवढंच करा. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना ‘लाभार्थी’ म्हणणं बंद करा. आजपासून ते आपल्या आयुष्याचे शिल्पकार. दगड किती द्यायचा ते आपण ठरवणार आणि छिन्नी आपल्याच कपाटात राहणार, पण ते तपशिलात आलं.

मी या खात्यात बरीच वर्षं फॉर्म भरलेत, म्हणून हे अनुभवाचे बोल.

सर्वांत आधी इतिहास विसरा. ही कल्पना कुठल्याच साहेबाची नाही, हे लोकांना कळलं तर पंचाईत होते. हॅम्पशरमधल्या ल कोर्ट नावाच्या निवासी संस्थेत राहणारे काही अपंग लोक १९७९च्या सुमारास विचारू लागले की, आम्हाला इथे ठेवायला जो पैसा जातो तोच आम्हाला द्या ना, आम्ही बाहेर घर करतो, मदतीची माणसं आमची आम्ही ठेवतो. त्यांनी त्या धडपडीला ‘प्रोजेक्ट ८१’ असं नाव दिलं, कौन्सिलशी घासाघीस केली आणि खरंच बाहेर पडले. माणसाच्या हातात रोख पैसे देणं तेव्हा कायद्यात बसत नव्हतं, म्हणून पैसा मधल्या संस्थेमार्फत फिरवावा लागला. असे थेट हातात पैसे देण्याचा, म्हणजे ‘डायरेक्ट पेमेंट’चा, कायदा १९९६ साली आला, अमलात यायला १९९७ उजाडलं, आणि तोही पासष्टीच्या आतल्यांपुरता! पासष्टी उलटलेल्यांना २००० सालापर्यंत थांबावं लागलं. वय झालं की निवड करता येत नाही, अशी पार्लमेंटची समजूत असावी. हे सगळं सादरीकरणात घालू नका. ‘कौन्सिलचा अभिनव उपक्रम’ एवढं पुरे.

आता टक्केवारी. २००७च्या डिसेंबरात सरकार, कौन्सिलं आणि आरोग्यसेवा यांनी मिळून ‘पुटिंग पीपल फर्स्ट’ नावाच्या करारावर सह्या केल्या. मग लक्ष्यं आली. आधी ३० टक्के लोकांना पर्सनल बजेट, म्हणजे प्रत्येकाच्या मदतीसाठी त्याच्या नावाने ठरवलेली रक्कम, मग २०१३पर्यंत सगळ्यांना. ते झेपेना म्हणून २०१२मध्ये ७० टक्क्यांवर तडजोड झाली. घाबरू नका, यावर रामबाण उपाय आहे. पूर्वीपासून जी बाई सकाळी पंधरा मिनिटं येत होती, तिलाच येऊ द्या. फक्त घरी एक पत्र पाठवा : ‘तुमचं वैयक्तिक बजेट आठवड्याला इतके पौंड. ते तुमच्या वतीने आम्हीच खर्च करू.’ बाई तीच, वेळ तीच, पण माणूस ७० टक्क्यांत जमा!

स्कॉटलंडात बदली झाली तर मात्र जपून. तिथल्या २०१३च्या कायद्यात चार पर्याय लिहूनच ठेवलेत : पैसे स्वतः घ्या, निवड तुमची पण पैसे दुसरा सांभाळेल, सगळं कौन्सिलवर सोपवा, किंवा या तिन्हींची मिसळ. ते लोक कायदा वाचतात असं ऐकून आहे.

पण खरी कसोटी लागते ती घरी जाऊन बसल्यावर. मागे एका मराठी आजींकडे गेले होते. ऐंशीच्या पुढच्या, उजवी बाजू लुळी. सुनेने चहा टाकला, मी फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न : ‘आपण कोणती फलिते साध्य करू इच्छिता?’ मी म्हटलं, ‘आजी, तुम्हाला काय काय हवंय?’

‘अगं, मला काय हवं असणार! शुक्रवारी कुणीतरी यावं, डोक्याला तेल लावावं, न्हाऊ घालावं. केस वाळेपर्यंत जरा बसावं. सकाळची पोरगी चांगली आहे गं, पण अंगातला कोट काही काढत नाही.’

अशा वेळी गहिवरून जाऊ नका. इंग्लंडच्या २०१४च्या केअर ॲक्टच्या नियमांत दहा फलितं आहेत, म्हणजे रोजच्या जगण्यातल्या दहा गोष्टी. दुखण्यापायी त्यांतली किमान दोन जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर माणूस पात्र. त्या दहांत तेल नाही, केस वाळेपर्यंत बसणं तर नाहीच नाही. म्हणून तेल ‘वैयक्तिक स्वच्छते’त ढकला, बसणं ‘नातेसंबंध जपण्या’त. मग कुणाला किती पैसे ते ठरवणारी ‘रिसोर्स ॲलोकेशन सिस्टीम’ चालवा. स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनसारखी ती चालते, गुण टाकले की पौंडांचं तिकीट पडतं. मागच्या बाजूला भविष्य छापलेलं नसतं एवढाच फरक. आकडा कमी वाटून कुणी कुरकुर केली, तर सांगा की तो ‘अंदाजे’ आहे. जास्त आला तर सांगायची गरज नाही, खर्च मंजूर करणारं कौन्सिलचं पॅनेल तो आपणहून खाली आणतं. आणि बँकेत २३,२५० पौंडांवर शिल्लक असेल तर विषयच संपला, खर्च ज्याचा त्याने करायचा. ही रेषा २०१०पासून तसूभर हललेली नाही. महागाई हलली तर तिचा दोष.

आजींना डायरेक्ट पेमेंट मंजूर झालं. दोन गल्ल्या सोडून राहणारी एक मराठी बाई तेल लावायला तयारही होती. इथे नवशिके खूश होतात आणि फसतात. तुम्ही शांतपणे फोल्डर पुढे करा. आजी आता मालकीण! वेगळं बँक खातं, मालक म्हणून विमा, पगाराच्या पावत्या, गरज पडली तर कर कापून भरणं, वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा, पेन्शनचे नियम. आयुष्यभर दुसऱ्यांकडे राबलेल्या आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘तिच्या रजेत तेल कोण लावणार?’

‘मीच,’ सून म्हणाली.

मग सुनेलाच पैसे का नाहीत, असा आगाऊ प्रश्न कुणीतरी विचारणारच. उत्तर तयार ठेवा : एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला या पैशातून सहसा पगार देता येत नाही. कौन्सिलला ‘आवश्यक’ वाटलं तर देता येतो, हे वाक्य नियमात आहे. ते मोठ्याने वाचू नका. सुनेला ‘अनमोल’ म्हणा, त्याला मोल पडत नाही.

त्या दोन गल्ल्यांपलीकडच्या बाईने फोल्डर पाहिलं आणि एका दुकानात नोकरी धरली. सहा महिन्यांनी मी आढाव्याला गेले तेव्हा खात्यात बरेच पैसे पडून होते. यालाच यश म्हणतात : गरज बहुधा एवढी नव्हतीच. उरलेले पैसे परत घ्या, पुढच्या वर्षीचा आकडा त्या मानाने कमी करा.

शुक्रवार होता. आजी खिडकीशी बसल्या होत्या, सून मागे उभी राहून तेल जिरवत होती. मी शेवटचा प्रश्न वाचला : ‘स्वतःच्या आयुष्यावर तुमचं नियंत्रण वाढलं का?’ आजींनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, ‘हो लिहा, त्यांना जायचं असेल पुढे.’ आजींनी डाव्या हाताने कपाळावर ओघळलेलं तेल पुसलं आणि त्याच हाताने सही केली. कागदावर हा एवढा डाग पडला. काळजी करू नका, स्कॅन केल्यावर तो दिसत नाही.