भार टिपेवर नाही, काका

‘घरच्या मशीनची टीप ती काय, आणि तिच्यावर सत्तर किलोचा माणूस टांगायचा? कंबरडं मोडून घ्याल. विकत मिळतं की. आणि झोळीला हॅमॉक म्हटलं की ती आधुनिक होते वाटतं!’

काका, दोन झाडांना बांधून झोपायचं हॅमॉक मी घरी शिवलं, त्याच्या फोटोंखालची तुमची ही प्रतिक्रिया सकाळी पोहे खाताना वाचली. शेव घशात अडकली, पण मुद्दा रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

झोळी, हे मान्यच. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात कडीला आजीच्या नऊवारीची झोळी असायची. तिला टाका एकही नव्हता, सगळा भार गाठीवर. माझं हॅमॉकही त्याच जातीचं. साडेतीन मीटर लांब, दीड मीटर पन्ह्याचं रिपस्टॉप नायलॉन, म्हणजे फाटलं तरी चीर पसरू न देणाऱ्या विणीचं. लांबीच्या कडांना टीप मारली ती धागे सुटू नयेत एवढ्यासाठी. दोन्ही टोकांना दुहेरी दुमड घातली, मग चुण्या करून मेथीच्या जुडीसारखं टोक मुठीत धरलं आणि दुमडीच्या अलीकडे दोरीने करकचून आवळलं. दुमडीचा जाड गठ्ठा पलीकडे राहतो, त्यामुळे दोरी निसटत नाही. नेफा शिवून त्यातून दोरी ओवली असती, तर मात्र तुमचं म्हणणं तंतोतंत लागू होतं. तिथे टीपच भार घेते. तसं कुणी शिवणार असेल तर टिपेच्या तीन-चार ओळी हव्यात, आणि दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओलीत कुजतो.

माझी खरी चूक तुमच्या नजरेतून सुटली. दुसरा फोटो बघा. दोरी कपडे वाळत घालायच्या तारेसारखी ताणलीय. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांत असली, तर ७० किलोच्या माणसाने प्रत्येक बाजूला ७० किलोचाच ताण येतो. तीच १० अंशांवर आणली की ताण जातो २०० किलोवर! इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर पहिल्या रात्री मी अशीच ताणून बांधली, वर दोरी नायलॉनची. रात्रभर ती लांबत गेली आणि पहाटे पाठीला खडे टोचायला लागले. टीप शाबूत, अब्रू गेली. आता पॉलिएस्टरची इंचभर रुंद नवार वापरते. ती फारशी ताणत नाही, आणि झाडाची सालही कापत नाही.

विकतचंही वापरून पाहिलंय, मैत्रिणीचं. लांबी जेमतेम अडीच मीटर. हॅमॉकमध्ये तिरकं झोपलं की पाठ सपाट राहते, पण त्याला कापड लांब लागतं. आखूड कापडात माणूस केळ्यासारखा वाकतो. रात्रभर पोटऱ्या दुखल्या. म्हणून शिवायला बसले. पैसे वाचवायला नव्हे, ते फारसे वाचलेही नाहीत.

कोनमापक खिशात कोण ठेवतं? अंगठा नि तर्जनी काटकोनात ताणा, तर्जनी आडवी धरा. दोघांची टोकं जोडणारी तिरकी रेघ साधारण ३० अंशांची होते. नवार त्या रेघेत आली की बसा. तो फोटो आजच काढून टाकते.