सगळेच घेत होते? मग बासोंसचं काय?

आज सकाळी आपल्या सायकल ग्रुपवर पुन्हा अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा पिवळ्या जर्सीतला फोटो आला. खाली "लेजंड", "खरा फायटर", बदाम, टाळ्या. मी एवढंच लिहिलं की या माणसाची टूर द फ्रान्सची सातही जेतेपदं डोपिंगसाठी, म्हणजे बंदी असलेली औषधं घेतल्याबद्दल, २०१२ मध्ये काढून घेतली आहेत. लगेच उत्तर आलं, "ताई, तेव्हा सगळेच घेत होते, हा सापडला एवढंच." त्यावर धडाधड अंगठे. दिवसभर ऑफिसात लक्ष लागलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे.

सगळे नाही तरी बरेच घेत होते, हे खरं आहे. १९९९ ते २००५ ची ती जेतेपदं दुसऱ्या कुणाला दिलीच नाहीत, विजेत्याचा रकाना आजही रिकामा आहे, कारण त्याच्या मागे आलेल्यांपैकीही अनेकजण बरबटलेले होते. ईपीओ नावाचं औषध टोचलं की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना जास्त ऑक्सिजन मिळतो, आणि नव्वदच्या दशकात ते पकडणारी चाचणीच नव्हती. १९९७ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, यूसीआयने, नियम केला तो काय, तर पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं तर शर्यतीबाहेर. मग लोक पन्नाशीच्या जरा खाली राहायला शिकले. मान्य, सगळं मान्य. पण माझा राग त्या इंजेक्शनांवर नाहीच मुळी.

माझ्या धाकट्या भावाचं काय झालं ते तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. कॉलेजात असताना तो शर्यतीत उतरायचा. एका घाटाच्या शर्यतीला मी माथ्यावर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. पहिला मुलगा माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याचा शर्ट पाठीवर कोरडा ठणठणीत होता. मे महिना, मागून येणारी पोरं घामाने निथळतायत, बनियनवर पिनेने लावलेले नंबर भिजून लोंबतायत, आणि याच्या पाठीवर डाग नाही. उजव्या तळहाताला मात्र काळं ग्रीस. खालच्या वळणावर टेम्पोच्या मागच्या साखळीला धरून जाताना भावाने त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. बक्षीस वाटपाआधी तो जाऊन सांगून आला. आयोजकांचं उत्तर, "हरलास म्हणून पोटात दुखतंय का?"

आता फ्रेंच रायडर ख्रिस्तोफ बासोंसचं ऐका. १९९८ मध्ये डोपिंगच्या प्रकरणात त्याचा अख्खा फेस्टिना संघ बदनाम झाला, तेव्हा त्याच्याच सहकाऱ्यांनी सांगितलं की हा एकटा काही घेत नव्हता. पुढच्या वर्षी टूर चालू असताना तो 'ल पारिझियें' या फ्रेंच वर्तमानपत्रात लिहायचा, आणि त्याने लिहिलं की हा वेग संशयास्पद आहे. आल्प द्युएझच्या टप्प्यावर आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी आला आणि सांगितलं, तू सायकलिंगचं नुकसान करतोयस, घरी जा. पेलोटॉनमधले, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य घोळक्यातले, लोक त्याच्याशी बोलेनासे झाले होते. शर्यत अर्ध्यात सोडून तो खरंच घरी गेला. २००१ मध्ये सायकलिंगच सोडलं.

सगळे घेत होते म्हणता ना? हा नव्हता घेत! त्याचा फोटो कधी टाकलात?

आमच्या घरीही तेच झालं हो. पहाटे पाचला बिल्डिंगखाली शिट्टी मारून भावाला सरावाला बोलावणारी पोरं होती. त्या शर्यतीनंतर शिट्टी बंद. कुणी भांडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत, फक्त हाक मारेनासे झाले. आई मात्र रोज साडेचारला त्याचा चहा ठेवत राहिली.

आणि २००४ ची टूर, अठरावा टप्पा. फिलिपो सिमेओनी नावाचा इटालियन रायडर, ज्याने डॉ. मिकेले फेरारीविरुद्ध कोर्टात साक्ष दिली होती. फेरारी म्हणजे आर्मस्ट्राँगचा डॉक्टर. सिमेओनी ब्रेकअवेला, म्हणजे घोळक्यातून पुढे निसटलेल्या रायडरांना, गाठायला निघाला तर शर्यत खिशात असलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे लागला. हा इथे असेपर्यंत आमचा संघ तुम्हाला सोडणार नाही, हे पुढच्यांना कळलं. सिमेओनीला मागे यावं लागलं. मग आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्याकडे बघून ओठांवर झिप ओढल्याची खूण केली. अख्ख्या जगासमोर! आणि पेलोटॉनमधल्या बाकीच्यांनी सिमेओनीलाच शिव्या घातल्या.

आर्मस्ट्राँगच्या संघात मसाज करणारी एमा ओ'रायली. १९९९ मध्ये त्याच्या चाचणीत कॉर्टिकोस्टेरॉइड सापडलं तेव्हा सीट घासून झालेल्या फोडावरच्या मलमाचं मागची तारीख घालून प्रिस्क्रिप्शन बनवलं, हे तिने सांगितलं. त्याबद्दल आर्मस्ट्राँगने तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, वर कोर्टात खेचलं. २०१३ मध्ये टीव्हीवर ऑप्रा विन्फ्रीने त्याला याबद्दल विचारलं, तर म्हणे इतक्या जणांवर दावे लावले की... कुणाचं आयुष्य नासवलं ते आठवायलाही त्याला वेळ लागला.

स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर कॅन्सर पेशंटना त्याने धीर दिला, पैसा उभा केला, तेही खोटं नाही. बरं.

इटालियन रायडर मार्को पांतानीचा मला राग येत नाही. १९९९ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, आघाडीची गुलाबी जर्सी अंगावर असताना रक्त तपासून बाहेर काढलं, २००४ मध्ये रिमिनीच्या हॉटेलात एकटा मेला. वय ३४. विशीतल्या पोराला संघाचाच डॉक्टर सुई दाखवत असेल तर ते पोर काय करणार? अशा मुलांना मी माफ करते. पण जो खरं बोलणाऱ्याचं तोंड दाबतो, त्याला नाही.

आपल्याकडे हे लांबचं नाही. पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाल्यापासून किती आईबाप मुलांसाठी कार्बन सायकलींची चौकशी करतायत. वाडाच्या, म्हणजे डोपिंगविरोधी जागतिक संस्थेच्या, अहवालांत भारताचं नाव किती वर असतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. या मुलांपैकी कुणी उद्या काही पाहिलं तर सांगायचं कुणाला?

भाऊ आता चाळिशीला आलाय, सायकलला हात लावत नाही. त्या शर्यतीचं पारितोषिक, प्रेशर कुकर, ज्याच्या घरी गेलं तो मुलगा पुढे जिल्ह्याच्या संघात निवडला गेला.

आपल्या क्लबची घाटाची शर्यत आहे ना, तिला प्रत्येक वळणावर मार्शल हवा. मी उभी राहते, दिवसभर. आणि कुणा पोराने तक्रार केली तर दोन मोठ्या माणसांनी ती त्याच्यासमोर लिहून घ्यायची, खाली स्वतःच्या सह्या करायच्या, निकाल लागेपर्यंत बक्षीस द्यायचं नाही. कमिटीने हे लेखी मान्य केलं तरच या वर्षीची माझी वर्गणी मिळेल.