अँटेना किती आहेत?

आमच्या इमारतीत इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याच्या पोराने परवा माझ्या लॅपटॉपची फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून नको ते आत येऊ न देणारं सॉफ्टवेअर, मला न विचारता बंद करून टाकली. “साहेब, हीच अडवते स्पीड.” वर चहा पिऊन गेला. स्पीड होता तेवढाच राहिला. फायरवॉल मी लगेच चालू केली, पण राग उतरेना. लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरला कोणीही बोट लावणार असेल, तर फायरवॉलचं वेगळं खोकंच आणू, म्हणून ग्रँट रोडला उतरून मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. त्या नावाने टॅक्सी सांगून बघा.)

“ऑफिस के लिए?” काउंटरवरच्या सेठने विचारलं.

“घर के लिए.”

“घर में है क्या चुराने का?”

दुकानातली पोरं हसली. हे मला अजून झोंबतंय. अहो, २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने लोकांचे कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारे डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले, ते फॅक्टरीतून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. मग त्याच कॅमेऱ्यांकरवी दुसऱ्यांवर हल्ले केले. तुमच्या घरात काय आहे हे तिथे कोण विचारतो! पण हे वेळेवर सुचेल तर ना.

तेवढ्यात टोनर भरून घ्यायला आलेल्या एका काकांनी माझ्यापुढचं खोकं उचललं आणि तळहातावर तोललं.

“हलकं आहे हो.”

“काका, ते वजनावर नसतं.”

“अँटेना किती?”

“याला अँटेना नसते.”

“अँटेना नाही, आणि एवढे पैसे?” त्यांनी खोकं उलटं करून खालूनही पाहिलं. “मग सॉफ्टवेअर घ्या.”

“ते विंडोजमध्ये फुकटच असतं.”

“फुकट?” काकांचा चेहरा पडला. “मग त्यात काय दम असणार!”

बोलू नये असं ठरवून मी बोललो. म्हटलं, घरातला राउटरच बाहेरून न बोलावता येणाऱ्याला आत सोडत नाही. टीव्हीत, कॅमेऱ्यात आपण काही टाकू शकत नाही, तिथे तोच आधार. पण लॅपटॉप घेऊन मी कॅफेत बसलो की राउटर राहिला घरी. शिवाय लॅपटॉपमधला कुठला प्रोग्राम बाहेर बोलतोय, हे लॅपटॉपमधल्या फायरवॉललाच नीट कळतं.

“म्हणजे वॉचमन गेटवर पण आणि दारात पण.”

“अगदी बरोबर.”

“आमचा झोपतो.”

मग काकांच्या सोसायटीचा वॉचमन, त्याची नाईट ड्युटी, सेक्रेटरीचा मेव्हणा, लिफ्टचं कंत्राट. सेठसुद्धा माल दाखवायचा सोडून ऐकत बसला. माझ्या डोक्यात मात्र तो केबलवाला पोरगाच. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा उपद्रवी प्रोग्राम इंटरनेटवरून पसरला तेव्हा लोकांचे कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. विंडोज एक्सपीत फायरवॉल तेव्हाही होती, फक्त चालू नसायची. पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक २ या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ती आपणहून चालू ठेवली. ते शहाणपण या पोराने एका क्लिकमध्ये पुसलं. आणि तक्रार करायची कोणाकडे? ऑफिसात फोन केला तर तोच उचलतो. इमारतीतल्या बहुतेक राउटरांचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’, तो त्यानेच ठेवलेला. लाखो रुपयांचे व्यवहार ज्या तारेवरून चालतात तिची किल्ली अशा माणसाकडे, आणि आपण इकडे हार्डवेअर की सॉफ्टवेअर याचा खल करतोय!

खोकं मी घेतलं नाही. काकांनी मात्र सहा अँटेनांचा राउटर घेतला, तोही हातावर तोलून. जाताना मी सांगितलं, “काका, एवढं करा. घरी गेल्यावर आधी त्याचा पासवर्ड बदला.”

“बदलायचा?” काका दचकलेच. “मग आमच्या केबलवाल्याने तो उघडायचा कसा?”