मारव्याला निराशेचा राग म्हणू नका

मारवा रागातलं गाणं ऐकून कुणाला विरह आठवतो, कुणाला भक्ती, तर कुणाला नुसतीच धास्ती वाटते, असं मारव्यावरच्या एका लेखात म्हटलंय, आणि त्याला ‘निराशेचा राग’ही ठरवलंय. मला या तिन्ही भावना खऱ्या वाटतात, पण ही कालवाकालव केवळ शब्दांमुळे होत नाही. मारव्यात पंचम (प) वर्ज्य, आणि गायक षड्जावरही, म्हणजे मूळ ‘सा’वरही, फारसा टेकत नाही. कोमल ऋषभ (रे) आणि धैवतावर (ध) घुटमळत राहतो. कान घरी परतायला आसुसलेला, आणि घर काही येत नाही! पूरिया रागाचे स्वर अगदी हेच, तरी तिथे गंधार-निषाद (ग-नी) पुढे आले की सगळं कसं गंभीर, शांत होऊन जातं. (सोहनी रागाचेही तेच स्वर, पण ती वरच्या सप्तकात चमकते.)

वडील गेले त्या वर्षी मला मारवा सहनच होत नसे. आलाप सुरू झाला की बंद करायचे. आता मुद्दाम दिवेलागणीला लावते. बऱ्याच वेळाने गायक षड्जावर येऊन विसावतो तेव्हा डोळे भरून येतात, पण ते रडणं दुःखाचं नसतं. म्हणूनच लेखकाने मारव्याला ‘निराशेचा राग’ म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही.