दोनशेच्या आतला मासा

रॅम नावाच्या माशाची जी मादी मी तालुक्याच्या दुकानात काचेला नाक लावून हेरली होती, ती सध्या एका काकाजींच्या घरी लोणच्याच्या बरणीत राहते. बरणी रिकामी केली आहे, असं मला फोनवर कळवण्यात आलं. धुतली का, हे मी विचारलं नाही. मलाही रात्री झोप लागायला हवी.

थोडक्यात सांगतो. घरी तीन फुटी टाकी आहे. तिच्यात वॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन, लाकडाला बांधलेलं जावा फर्न, ही पाण्यातली झाडं सगळी नीट जगलीत. आता हवे होते सिक्लिड. माशांतली ही हुशार आणि भांडखोर जात: अंडी राखतात, पिल्लं हिंडवतात, दाणे टाकणाऱ्याला ओळखतात. पण यातले मोठे मासे झाडांच्या टाकीत सोडले, तर सकाळी झाडं तरंगत असतात. ऑस्कर फूटभर वाढतो आणि मनात येईल ते उपटतो. म्हणून बुटके सिक्लिड. अपिस्टोग्रामा चालतो, पण त्याचा नर दोन-तीन बायकांचा संसार मांडतो आणि प्रत्येकीला वेगळी गुहा लागते. एवढी घरकुलं मी कुठून मंजूर करू? क्रिबेन्सिस काटक, पण त्याला उकरायची खोड. उरला रॅम. दोन इंचांचा, निळ्या ठिपक्यांचा, झाडांना सहसा त्रास न देणारा. शिवाय त्याला सत्तावीस ते तीस अंश गरम पाणी मानवतं. पुण्या-मुंबईचे लोक त्याच्यासाठी हीटर घेतात. आमच्याकडे मार्चपासून सगळा जिल्हाच हीटरवर असतो. मे महिन्यात मात्र पाणी पस्तिशीकडे निघतं, तेव्हा टाकीवर पंखा लावावा लागतो, आणि मग कूलरसमोर कोण आणि पंख्यासमोर कोण यावर घरात चर्चा होते.

अडचण पाण्याची. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. बोअर मारला की पाणी लागतं, पण ते पाणी आहे असं नुसतं म्हणायचं. साबणाला फेस येत नाही, चहा फाटल्यागत लागतो आणि तुरीची डाळ शिजत नाही. तुरीच्या मुलखात राहून डाळ न शिजणं यातलं दुःख बाहेरच्यांना कळणार नाही. म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी मी ड्रममध्ये धरून ठेवतो. माझ्या मते ते माशांसाठी असतं. बायकोच्या मते वरणासाठी. ड्रमचं झाकण उघडायच्या आधी आमच्याकडे वाटाघाटी होतात, आणि त्यात मासे दर वेळी हरतात. मग उरतं वीस लिटरच्या कॅनचं फिल्टरचं पाणी. ते विकत आणून टाकीत ओतताना मी दार लावून घेतो. गावात बोलणारे लोक आहेत.

तर दुकान. मी सिक्लिड म्हणताच दुकानदारानं मला फ्लॉवरहॉर्नपुढे उभं केलं.

"हे घ्या सर. वास्तूले एकदम पावरफुल. टेंगूळ पाहा, टेंगूळ."

फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात कुठल्याच नदीत नाही. १९९० च्या दशकात मलेशियात संकर करकरून त्याला घडवलं. जेवढं कपाळावरचं टेंगूळ मोठं तेवढी बरकत मोठी, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, मला बरकत नको, रॅम पाहिजे. दुकानदार नाराज झाला. नुसता आवडतो म्हणून मासा घेणारं गिऱ्हाईक त्याला संशयास्पद वाटतं. मासा एक तर वास्तूसाठी, नाही तर लेकराच्या वाढदिवसासाठी. तिसरं कारण असलं तर माणूस इन्कम टॅक्सचा असावा.

रॅम मात्र होते. आणि त्या टाकीत ती मादी होती. गुलाबी पोट, अंगावरच्या काळ्या डागात निळे कण शिंपडलेले. मादी ओळखायची हीच खूण. नराच्या पाठीवरचे पुढचे काटे लांब असतात. बहुतेक दुकानांत रंग चढवलेले नरच नर असतात, त्यामुळे खरी जोडी दिसणं म्हणजे नशीब. मी दुकानदाराला विचारलं, "पाणी किती आहे? मला दोनशेच्या आतलं पाहिजे."

"तीनशेची जोडी हाये सर. दोनशेत नाई परवडत."

मी टीडीएसबद्दल, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांबद्दल बोलतोय, भावाबद्दल नाही, हे समजावण्यासाठी मी खिशातून टीडीएसचा पेन काढला. शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे असल्या वस्तू खिशात असतात. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"डाक्टर हाये का तुमी?"

काकाजी. सत्तरीचे. धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात पाण्याची बाटली, बाजूला नातू. नातू मोबाइलमध्ये पूर्ण बुडालेला.

"नाही काकाजी. शिक्षक आहे."

"मंग हे थर्मामीटर कोनाले लावता?"

"पाण्याला. पाण्यात क्षार किती आहेत ते कळतं यानं."

"शुगर कळते का?"

"नाही."

"पाहून तं घ्या," असं म्हणून त्यांनी बोट पुढे केलं.

शुगर कळत नाही, हे पटवण्यात माझी बरीच शक्ती गेली. तोवर काकाजींचं लक्ष माशांकडे गेलं होतं. त्यांनी रॅमच्या टाकीत डोकावून पाहिलं आणि निकाल दिला.

"चिलापी हाये हे."

मी हसलो. शिक्षकाचं हसू असतं ना, समजूतदार, ते हसलो. म्हटलं, काकाजी, हा दक्षिण अमेरिकेतला मासा. व्हेनेझुएला, कोलंबिया, तिकडच्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. १९४८ साली याचं शास्त्रीय नाव ठेवलं. याला जर्मन ब्लू रॅम म्हणतात.

"जर्मन? गंजाचं जर्मन का?"

"नाही हो..."

"तं मंग चिलापीच. काटे पाहा पाठीवरचे, पुढं टोचरे, मांगं मऊ. अन् चिलापीच्या अंगावरची रेघ मधात तुटते. पुढची वरतून जाते, मांगची खालतून. याचीबी तुटली असन. पाहा तुमी. पुर्नेत म्या जिंदगी काढली जाळं टाकून."

मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. तुटली होती. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया सिक्लिडच. १९५२ साली आपल्याकडे आणून सोडला आणि मग जिथे पाणी तिथे पसरला. म्हणजे मी इतका अभ्यास करून ज्या मुक्कामाला पोचलो होतो, तिथे हे गृहस्थ आधीपासून विडी ओढत बसले होते. दुकानदार माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत मी आता शिक्षकही राहिलो नव्हतो.

हा अपमान गिळायचा म्हणून मी टीडीएसकडे वळलो. दुकानाच्या टाकीत पेन बुडवला. तीनशे ऐंशी. तालुक्याला धरणाचं पाणी येतं, त्यांचं काय.

"आता हे पाहा," म्हणत काकाजींनी आपली बाटली उघडून झाकणात पाणी ओतलं. बोअरचं, घरून आणलेलं. पेन बुडवला. एक हजार आठशे चाळीस.

"जास्त आला का कमी?"

"जास्त."

"मासा कितीत जगते?"

"हा नाजूक आहे. दोनशेच्या आत असलं तर बरं."

"अन् मानूस?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण वर्गात बोलायची सवय जात नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात लिटरला पाचशे मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं धरलंय. पण पाण्याचा दुसरा मार्गच नसेल, तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्यायचं.

काकाजींनी बाटलीचं झाकण लावलं. परत उघडलं. परत लावलं.

"म्हंजे मार्ग असन तं पाचशे, अन् नसन तं दोन हजार."

"हो."

"पोट तं तेच हाये ना?"

"हो."

"मंग मार्ग नसला का पोट मजबूत होते?"

मला उत्तर आलं नाही. दुकानदारानं मध्येच, "सर, जोडी बांधू का?" विचारलं, आणि मी हो म्हणायला तोंड उघडेपर्यंत काकाजी म्हणाले, "बांध. लेकरू कवाचं रडून राह्यलं."

नातू रडत नव्हता. नातू मोबाइलमध्ये कुणालातरी गोळ्या घालत होता. मी म्हटलं, काकाजी, ही जोडी मी घेतोय. तर म्हणे, "तुमीच तं सांगतलं चांगली हाये म्हनून. तुमी हुशार हा, तुमाले दुसरी भेटन. आमाले कोन निवडून देईन?" दुकानदारानं तोवर पिशवीत हवा भरून रबर गुंडाळलं होतं. तीनशे रुपये, रोख, घासाघीस नाही. माझ्यासारख्या दोनशेच्या आतल्या गिऱ्हाइकापेक्षा त्याला ते बरंच बरं वाटलं असणार.

मी दुकानदाराला शेवटचं विचारून पाहिलं: ऑरेंज क्रोमाइड? भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच, आणि त्यातला हा एक. केरळचा करिमीन त्याचा भाऊबंद. त्याला तर तिथल्या सरकारनं २०१० मध्ये राज्यमासा केलं. क्रोमाइड तीन इंचांचा, पिवळाजर्द, गोड्या पाण्यात राहतो आणि खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतो. म्हणजे आमचा बोअर त्याला माहेर वाटेल, ड्रम वरणाला मोकळा राहील. दुकानदार म्हणाला, "ते नाई येत सर. कलकत्त्याहून जे येते तेच ठेवतो." व्हेनेझुएलाचा मासा पूर्णेकाठी मिळतो, केरळचा मिळत नाही. दुकानातले रॅम काही ओरिनोकोतून पोहत आले नव्हते, कुठल्यातरी फार्मच्या हौदात जन्मले असणार, हे मला कळतं. पण राग यायला तेवढं ज्ञान आड येत नाही.

निघताना काकाजींनी नंबर घेतला आणि पेनही घेतला. बाजाराच्या दिवशी आणून देतो म्हणाले, घरचं पाणी तेवढं पाहतो. त्यांनी तो दोन बोटांत विडी धरतात तसा धरला होता. सत्तरीच्या माणसाला नाही म्हणणं आमच्याकडे जमत नाही, आणि ही गोष्ट सत्तरीच्या सगळ्यांना माहीत असते.

तेव्हापासून फोन. पहिला: मासा खालीच बसून राहतो, आजारी आहे का? नाही काकाजी, रॅम तळाशीच वावरतो. पुढचा: भाताचं शीत चालते का? नाही. बरणी नको, मोठी टाकी घ्या, फिल्टर लावा, हे मी प्रत्येक फोनवर सांगतो आणि ते प्रत्येक वेळी "हाव हाव" म्हणतात. मग फोन माशांचे कमी आणि पाण्याचे जास्त येऊ लागले. त्यांनी गावभर पेन बुडवणं सुरू केलंय. शाळेचा हातपंप, सोळाशे. सरपंचाचा बोअर, सतराशे. "मारुतीच्या पाराजवळचा दोन हजार शंभर आला, सर. आता तं मार्ग असो का नसो, पिवाचं नाई ना?" नाही, म्हटलं. "लोक तं पिऊन राह्यले." मी काय बोलणार? नळाला पाणी येतं तेव्हा येतं. न आलं की मोर्चा, मोर्च्यानंतर टँकर, टँकरनंतर फोटो. आमच्या पट्ट्यात घरटी एक तरी मुतखडा आहे आणि गल्लीला एक डायलिसिस, आणि मी लोकांना ओरिनोकोचं पाणी किती मऊ असतं ते सांगत हिंडतो. याची लाज वाटायला हवी असं कुणीतरी मला म्हणावं, मग मी त्याच्याशी भांडेन. कारण ड्रम मी भरला म्हणून नळ आटला नाही.

आणि तरी ती मादी माझी होती. हे मी सोडणार नाही.

परवा विचारलं, बरणीत पाणी कुठलं टाकता? बोअरचं टाकलं असेल तर मासे टिकणार नाहीत, म्हणून विचारलं.

"कॅनचं. वीस रुपयाची आनतो. तुमी दोनशेच्या आत म्हनलं ना."

"आणि घरी प्यायला?"

"घरी बोअर हाये ना आपला."

यावर मी त्यांना रागावलो. कॅन तुम्ही प्या, म्हटलं, मासे मला द्या. माझ्या मागणीत किती टक्के तळमळ आणि किती टक्के मादी होती हे मोजायला पेन नाही. काकाजी म्हणाले, नातवाचा जीव लागला आहे. नातू मागून "मेला, मेला!" ओरडत होता, पण ते मोबाइलमधलं होतं.

बाजाराचे दिवस येतात आणि जातात, पेन येत नाही. आज सकाळी पुन्हा फोन.

"सर, बरनीचं एकशे सत्तर हाये. तुमच्यावाल्या टाकीचं किती?"

"काकाजी, पेन तुमच्याकडे आहे."

"हाव, म्हनून तं इचारून राह्यलो. अंदाजे सांगा."